आधी धूर बघा, मग नोझल

डिझेल गाडीच्या मालकाला गॅरेजात ऐकावं लागणारं सगळ्यांत महाग वाक्य दोनच शब्दांचं असतं : ‘नोझल गेले.’ कॉमन रेलच्या गाडीला चार इंजेक्टर, एकेकाची किंमत हजारांत, वर खोलण्या-जोडण्याची मजुरी. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी उठत नाही, एवढीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हा आकडा ऐकून खुर्ची शोधावी लागते. आणि पुष्कळदा दुखणं असतं ते डिझेल फिल्टरच्या तोंडाशी बसलेल्या एका रबरी रिंगेत.

नोझल जातातच, यात वाद नाही. पण तिथवर पोचण्याआधी करायच्या तपासण्यांना एक क्रम आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना हातात पानासुद्धा लागत नाही. कान, नाक आणि डोळे पुरतात. जुने मिस्त्री हा क्रम न सांगता पाळायचे. स्कॅनर आल्यापासून तो मोडायला लागला आहे.

क्रम समजायचा तर डिझेल इंजिन पेटतं कसं, इथून सुरुवात करावी लागते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९३ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट मिळवलं आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात ज्यावर चालणारं इंजिन यशस्वीपणे दाखवलं, ती कल्पना अशी की हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते की तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. आजच्या मोटारींत पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शात कोंबतो. त्या क्षणी हवेचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. डिझेलला पेटायला त्याच्या निम्मी उष्णताही पुरते.

मग अडतं कुठे? इंजिन थंड असतं तेव्हा सिलिंडरच्या लोखंडी भिंती ही उष्णता शोषून घेतात. पिस्टन सावकाश वर आला तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि उष्णता शोषली जायला वेळही जास्त मिळतो. म्हणजे तीन गोष्टी जमाव्या लागतात : इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, आत पुरेशी धग पाहिजे, आणि डिझेल योग्य दाबाने, बारीक फवाऱ्याच्या रूपात आलं पाहिजे. यांतली कुठली अडली, हे ओळखायचं.

ओळखण्याची पहिली जागा बॉनेटखाली नसून गाडीच्या मागे आहे. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या नळीकडे बघावं. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी हीटर प्लग तपासत बसण्यात अर्थ नाही. शोध टाकी, पाइप, फिल्टर, पंप या वाटेवर घ्यायचा. उलट पांढरा धूर येत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग संशय धगीवर : हीटर प्लग, कॉम्प्रेशन, सेल्फचा मंद वेग, किंवा फवारा करण्याऐवजी थेंब गाळणारं नोझल. अर्ध्या मिनिटाच्या या निरीक्षणाने निम्मा तपास बाद होतो. तरीही कित्येक गॅरेजांत ते कुणी करत नाही. याचं एक कारण साधं आहे. गाडी तिथे पोचते तोवर कशीबशी चालू झालेली असते, इंजिन गरम झालेलं असतं आणि सकाळचा पुरावा उडून गेलेला असतो. म्हणून सकाळच्या पहिल्या सेल्फचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मिस्त्रीला मालकाच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो. त्यात सेल्फचा आवाज आणि धूर दोन्ही सापडतात.

धुराच्या बाकीच्या रंगांचं थोडक्यात. चालू झाल्यावर भसकन येणारा काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असतो. निळसर धूर ऑइल जळण्याचा. थंडीत दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर दुखणं इंधनाचं नाही, हेड गॅस्केटचं आहे.

बॅटरीकडे दुर्लक्ष होतं, कारण सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, असा समज. डिझेलला नुसतं फिरणं पुरत नाही. इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे तरी मिळावे लागतात. त्याखाली हवा तापत नाही आणि कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचा दाबही चढत नाही. शांत उभ्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दिसलं पाहिजे आणि सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नये. जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनातून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी बघावी. ही पट्टी कोकणातल्या खाऱ्या हवेत हिरवी पडून कुजते आणि नव्या बॅटरीलाही बदनाम करते.

आता हीटर प्लग. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो तो यांचा. प्रत्येक सिलिंडरला एक, वाहता विद्युतप्रवाह त्याचं टोक काही सेकंदांत लालबुंद करतो. गंमत अशी की हे प्लग मेले तरी मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. याला इंजिनाची जात जबाबदार आहे. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जाई. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खात असल्यामुळे असल्या इंजिनांना साध्या सकाळीही हीटर लागतो. त्यानंतरची कॉमन रेल इंजिनं थेट सिलिंडरमध्ये फवारतात आणि रत्नागिरीच्या हवेत चारही प्लग मेलेले असले तरी चालू होतात. मग जानेवारीत हीच गाडी महाबळेश्वरला मुक्कामी जाते, पहाटे पांढरा धूर सोडते, पहिलं अर्धं मिनिट तीन सिलिंडरांवर थरथरते, आणि मालक म्हणतो, घाटात काहीतरी झालं. घाटात काही झालेलं नसतं.

प्लग तपासायला ते काढावेही लागत नाहीत. प्लगची वायर सुटी करून, बॅटरीच्या प्लसला जोडलेला टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावायचा. दिवा पेटला तर प्लगची कॉइल शाबूत, नाही पेटला तर तुटलेली. मल्टिमीटर असेल तर चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दाखवतो. चारही प्लग ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघायचा. प्लग बदलताना मात्र घाई अंगाशी येते. वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला प्लग थंड इंजिनात जोर लावून फिरवला तर हेडमध्येच मोडतो, आणि मग शेकड्यांतलं काम हजारांत जातं. इंजिन गरम करून, गंज सोडवणारं तेल सोडून, दमादमाने फिरवणारा मिस्त्री म्हणूनच जास्त वेळाचे पैसे घेतो, आणि ते द्यावेत.

थंडीची एक वेगळीच तऱ्हा हिमालयात भेटते. डिझेलमध्ये मेण असतं. पारा फार उतरला की ते स्फटिकरूपात बाहेर पडतं आणि फिल्टर बुजवतं. प्लग, बॅटरी, पंप सगळं ठणठणीत असूनही गाडी उठत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने. पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात स्पितीला किंवा लेहला जाणाऱ्यांनी मैदानी प्रदेशात भरलेल्या टाकीच्या भरवशावर वर रात्र काढू नये.

महाराष्ट्रात मात्र मेणापेक्षा हवा जास्त छळते. ‘गाडी एअर पकडते’ हे निदान प्रत्येक डिझेलवाल्याने कधी ना कधी ऐकलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत टाकीत पंप नसतो. पुढे बसलेला पंप डिझेल ओढून घेतो. ओढताना नळीत हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे कुठे बारीक चीर असेल तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. शहाळ्यातल्या स्ट्रॉला भोक पडलं की पाणी सांडत नाही, पण तोंडात नुसता फसफसाट येतो, तसंच. म्हणूनच ‘खाली कुठे थेंब नाही, मग लीक कसा?’ हा मालकाचा प्रश्न बिनतोड वाटला तरी चुकीचा असतो.

एअर पकडणाऱ्या गाडीची लक्षणं ठरलेली असतात. रात्रभर उभी राहिली की सकाळी त्रास, पण दिवसात पुन्हा पुन्हा चालू केली तर लगेच उठते, कारण पाइपातलं डिझेल मागे टाकीकडे ओघळायला तेवढा वेळ मिळत नाही. टाकी अर्ध्याखाली गेली किंवा गाडी चढावर तोंड करून लावली तर त्रास वाढतो. डिझेल फिल्टर बदलल्यानंतर आठवड्याभरात हे सुरू झालं असेल, तर दुसरीकडे शोधूच नये. रिंग दुमडलेली आहे किंवा झटकन बसणारा जोड नीट बसलेला नाही. हातपंप असलेल्या गाडीत खातरजमा सोपी आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबावा. मग पहिल्याच सेल्फला गाडी उठली, तर नोझल, प्लग, कॉम्प्रेशन सगळे निर्दोष सुटले. पुढची पायरी पारदर्शक नळीची : फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवायचं. डिझेलबरोबर बुडबुडे धावताना दिसले की गुन्हा सिद्ध. मग तीच नळी एकेक जोड मागे सरकवत न्यायची, बुडबुडे जिथे थांबतील त्याच्या पुढच्या जोडात चोर. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात अंदाजाला जागा उरत नाही.

पाणी आणि घाण हा यापुढचा विषय. टाकी बरेच दिवस अर्धी रिकामी राहिली की हवेतला दमटपणा आत साकळतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू चक्क वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत थर पुढे फिल्टर बुजवतो. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू याचसाठी असतो. पावसाळ्यानंतर तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढावं आणि तासभर ठेवावं. खाली पाण्याचा थर दिसला, किंवा तळाशी चकचकीत धातूचे कण दिसले, तर पुढच्या तपासाची दिशा ठरते. धातूचे कण म्हणजे पंप झिजतोय.

पंप झिजतो याला डिझेलचा दर्जाही जबाबदार असू शकतो. या पंपांना वेगळं ऑइल नसतं. त्यांच्या आत वंगण म्हणून डिझेलच वापरलं जातं. रॉकेल मिसळलेलं डिझेल पातळ असतं आणि वंगणाचं काम नीट करत नाही. महाराष्ट्रात या भेसळीचं काळं रूप २५ जानेवारी २०११ ला दिसलं. मनमाडजवळ भेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही जातो, म्हणून ती उणीव शुद्धीकरण कारखान्यातच पूरक रसायनं घालून भरून काढावी लागते. ‘नव्या डिझेलने पंप जातात, म्हणून टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल घाला’ हा सल्ला त्यामुळे बीएस-६ गाडीत धोक्याचा आहे. त्याची राख सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये साठते आणि जाळूनही जात नाही.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच खऱ्या महागड्या भागाकडे वळायचं. कॉमन रेल हे तंत्र मोटारीत पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये आलं. फियाटच्या संशोधनातून पुढे आलेलं हे काम बॉशने उत्पादनापर्यंत नेलं. भारतात ते सर्वसामान्यांच्या घरी आलं ते २००७ च्या डिझेल स्विफ्टमुळे. तिचं १२४८ सीसीचं फियाटचं इंजिन पुढे इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की मोटारशौकीन त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. नोझलचा आणि महाराष्ट्राचा संबंध त्याहून जुना. नाशिकच्या सातपूरला बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या ‘मायको’चा, कारखाना आहे आणि नोझल, इंजेक्टर हीच त्याची ओळख. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, नाशिकचं मायको सर्कल मात्र मायको सर्कलच राहिलं.

कॉमन रेलमध्ये पंप सगळं डिझेल एका जाड नळीत, रेलमध्ये, प्रचंड दाबाने भरून ठेवतो. तिथून ते चारही इंजेक्टरांना मिळतं आणि कुठला इंजेक्टर कधी, किती उघडायचा हे संगणक ठरवतो. गाडी पळताना हा दाब दीड हजार बारच्याही वर जाऊ शकतो. आणि चालू होताना? बहुतेक गाड्यांत दोनशे बारच्या आसपास दाब चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून या गाडीत दाब कमी पडला तर धूर शून्य. इंधनाचा थेंबही आत गेलेला नसतो.

इथे स्कॅनर लागतो आणि इथेच त्याचा गैरवापरही होतो. स्कॅनर ‘पी ००८७’ हा कोड दाखवतो. त्याचा अर्थ रेलमध्ये दाब कमी आहे, एवढाच. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. फिल्टर तुंबला तरी हाच कोड, हवा शिरली तरी हाच, पंप झिजला तरी हाच, इंजेक्टर गळके झाले तरी हाच. कोड वाचून थेट पंप बदलायला सांगणारा मिस्त्री मालकाच्या पैशाने प्रयोग करत असतो. स्कॅनरचा खरा उपयोग सेल्फ मारताना चालू आकडे बघण्यात आहे. फेऱ्यांचा आकडा शून्यच राहिला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. फेरे दिसतात पण दाब चढत नाही, तर गळती किंवा पंप.

गळती इंजेक्टरची की नाही, हे ओळखायची चाचणी स्वस्त आहे. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल रिटर्न लाइनने टाकीकडे परत जातं. त्या चार बारीक नळ्या काढून चार एकसारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. निरोगी इंजेक्टरांच्या बाटल्या जवळपास सारख्या भरतात. एखादी दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे आणि रेलचा दाब वाया घालवतो आहे. म्हणजे चारऐवजी एकच बदलून भागू शकतं. बदललेल्या इंजेक्टरवर छापलेला कोड संगणकात भरावा लागतो. त्याला गॅरेजात कोडिंग म्हणतात. ते न करता गाडी चालते, पण खडखडते आणि धूर सोडते.

काही गाड्या सकाळी झटकन उठतात आणि हायवेवर चहाला थांबल्यावर दहा मिनिटांनी उठत नाहीत. या उलट्या तक्रारीचं मूळ डिझेलच्या पातळपणात असतं. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं, त्यामुळे दाब जमत नाही. जुन्या रोटरी पंपांवर मिस्त्री ओलं फडकं ठेवायचे. पंप थोडा निवल्यावर गाडी उठली, तर पंप झिजल्याचं निदान पक्कं. थंड पाणी ओतणं मात्र टाळत, कारण तापलेला पंप त्याने जाम होऊ शकतो. कॉमन रेलमध्ये हेच काम स्कॅनरवरच्या दाबाच्या आकड्याने होतं. गरम झाल्यावर रुसणारा क्रँक सेन्सर हा दुसरा संशयित, आणि तो पंपापेक्षा कितीतरी स्वस्त.

जुन्या काळची एक सवय मात्र सोडावीच लागेल. पूर्वी कुठलं सिलिंडर काम करत नाही हे बघायला मिस्त्री चालत्या इंजिनात नोझलच्या पाइपाचा नट सैल करत. ज्या नटाने आवाज बदलत नाही, ते सिलिंडर मेलेलं. कॉमन रेलवर हे केलं तर शेकडो बार दाबाने सुटलेला डिझेलचा तुषार हातमोजा आणि कातडी भेदून मांसात शिरतो. वर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट गमावण्याची पाळी येते. असं झालं तर थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि आत डिझेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. एअर फिल्टर काढून आत इथरचा स्प्रे मारणंही तसंच. हीटर प्लग लाल असताना तो फवारा वेळेआधी भडकतो आणि पिस्टन फोडू शकतो.

राहिली ती पेट्रोल पंपावरची चूक. डिझेल गाडीत पेट्रोल गेल्याचं लक्षात आलं, तर चावी इग्निशनमध्ये फिरवायचीसुद्धा नाही. टाकीत पंप असलेल्या गाडीत नुसती चावी फिरवली तरी तो पंप चालू होतो आणि पेट्रोल पुढच्या नळ्यांत ढकलतो. पेट्रोलला वंगणाचा गुण नाही. दाबाचा पंप कोरडा घासला जातो आणि त्याचे कण रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन, टाकी असे सगळीकडे फिरतात. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी तिथेच रिकामी करून घ्यावी. इंजिन चालू झालेलं नसेल तर टाकी धुणं, नवा फिल्टर आणि नव्या डिझेलचे पैसे एवढ्यावर सहसा निभावतं.